समीक्षक आणि प्रेक्षक: मारिओच्या सिनेमावरून छत्तीसचा आकडा

या आठवड्याच्या भागाचं हे लेखी रूप. लोकलच्या गोंगाटात ज्यांना नीट ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठीही. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे गाळलेत, बाकी भाग जसाच्या तसा आहे.

विषय आहे लहान मुलांचा एक सिनेमा, आणि त्यावरून मोठ्या माणसांनी घातलेला वाद.

आधी आकडे

५ एप्रिल २०२३ ला अमेरिकेत 'द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही' प्रदर्शित झाला. निन्टेंडो ही जपानी गेम कंपनी आणि 'मिनियन्स' बनवणारा इल्युमिनेशन स्टुडिओ, दोघांनी मिळून केलेला हा ॲनिमेशनपट. लांबी ९२ मिनिटं. बनवायला साधारण १० कोटी डॉलर लागले आणि जगभरातून कमाई झाली सुमारे १३६ कोटी डॉलर. त्या वर्षी यापेक्षा जास्त कमावणारा सिनेमा एकच, 'बार्बी'. व्हिडिओ गेमवर बेतलेल्या सिनेमानं १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ.

आता गंमत बघा. रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवर समीक्षकांचा आकडा ५९ टक्क्यांच्या आसपास थांबला. त्याच पानावर, अगदी शेजारी, प्रेक्षकांचा आकडा ९५ टक्के. ९५ वजा ५९ किती? ३६. समीक्षक आणि प्रेक्षक यांच्यात अक्षरशः छत्तीसचा आकडा!

मग सुरू झालं नेहमीचं भांडण. एक बाजू म्हणाली, "समीक्षकांना मजा म्हणजे काय हेच कळत नाही. मुलांचा सिनेमा आहे, त्यात काय शोधता?" दुसरी बाजू म्हणाली, "दीड तासाची जाहिरात आहे ही. लोक काय, कशालाही टाळ्या वाजवतात."

माझं म्हणणं असं, की दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते एकाच प्रश्नाची दोन उत्तरं नाहीत, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. आणि या सगळ्यात ज्याच्या नावानं भांडण चाललंय ते मूल दोन्ही आकड्यांत जवळपास कुठेच नाही. तिथपर्यंत पायरी पायरीनं जाऊ.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट, थोडक्यात

मारिओ आणि लुईजी हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधले दोन भाऊ. प्लंबर. चांगली चाललेली नोकरी सोडून त्यांनी स्वतःचा धंदा काढलाय, त्यासाठी टीव्हीवर जाहिरातही केलीय. घरचे मात्र टर उडवतात. जेवणाच्या टेबलावर वडील मारिओला सुनावतात, की तू स्वतः तर बुडतोयसच, भावालाही बरोबर ओढतोयस. मग शहरात पाणी तुंबतं, हे दोघे दुरुस्तीला जमिनीखाली उतरतात आणि एका हिरव्या पाइपातून थेट दुसऱ्या दुनियेत खेचले जातात. वाटेत ताटातूट होते. लुईजी बाउझर नावाच्या खलनायकाच्या तावडीत सापडतो आणि मारिओ पोचतो मशरूमच्या राज्यात, राजकन्या पीचकडे. पुढे भावाला सोडवायची मोहीम.

१९८५ च्या मूळ गेममध्ये मारिओ राजकन्येला सोडवायला निघायचा. इथे राजकन्या स्वतः सेना जमवते आणि सुटका करायची असते लुईजीची. हा बदल जवळजवळ सगळ्यांनाच आवडला. भांडण त्यावरून नव्हतंच.

५९ टक्के म्हणजे ५९ मार्क नाहीत

दहावी-बारावीनं आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवलीय: टक्के दिसले की ते गुण समजायचे. ५९ टक्के म्हणजे सेकंड क्लास, एका टक्क्यानं फर्स्ट क्लास हुकला. रॉटन टोमॅटोजचा आकडा तसा नसतोच.

ती वेबसाइट प्रत्येक समीक्षेला फक्त दोन खणांपैकी एका खणात टाकते, अनुकूल किंवा प्रतिकूल. मग शंभरातल्या किती समीक्षा अनुकूल, ती टक्केवारी दाखवते. आवडला किती, हे त्यात येतच नाही. आवडलं की नाही, हो की नाही, एवढंच. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर बूलियन.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा 'क' नावाचा सिनेमा दहा समीक्षकांनी पाहिला आणि दहाही जण म्हणाले, "ठीक आहे, बघायला हरकत नाही, १० पैकी ६." सगळ्या समीक्षा अनुकूल, म्हणून आकडा १०० टक्के. दुसरा सिनेमा 'ख'. दहापैकी सहा जण वेडे झाले, प्रत्येकी ९ गुण. चौघांना पटला नाही, प्रत्येकी ४ गुण. आकडा ६० टक्के. आता सरासरी काढा. 'क' ची सरासरी ६, 'ख' ची ७. सरासरी 'ख' ची जास्त, पण पोस्टरवर छापायला बरा दिसतो 'क'.

म्हणजे मारिओचे ५९ टक्के काय सांगतात? शंभरातल्या ५९ समीक्षकांना सिनेमा बघण्यासारखा वाटला. निम्म्याहून जास्त! पण त्या वेबसाइटवर ६० टक्क्यांची रेघ आहे. ६० किंवा वर असेल तर लाल टोमॅटो, खाली असेल तर हिरवा फुटलेला टोमॅटो. एका टक्क्यानं चित्र बदललं आणि मथळे झाले, "समीक्षकांनी मारिओला झोडपलं." मेटाक्रिटिक नावाची दुसरी वेबसाइट समीक्षांना गुण देऊन त्यांची भारित सरासरी काढते. तिथे आकडा होता १०० पैकी ४६. दोन्ही एकत्र वाचले की खरं चित्र दिसतं: समीक्षकांना सिनेमाचा राग आलेला नव्हता, ते कोमट होते. "हं, ठीक आहे," असं म्हणणारे बरेच.

९५ टक्क्यांचंही तसंच. तिथे प्रेक्षक पाचपैकी तारे देतात आणि साडेतीन किंवा त्याहून जास्त तारे दिले की मत अनुकूल धरलं जातं. म्हणजे ९५ टक्के लोकांनी निदान साडेतीन तारे दिले. डोक्यावर घेऊन नाचणारा आणि "छान होता, पोरं खूश झाली" म्हणून निघून जाणारा, दोघांचं मत त्या ९५ मध्ये सारखंच मोजलं जातं.

दोन्ही आकड्यांचं गणित समजून घेतलं की ती छत्तीसची दरी अर्धी तिथेच बुजते. "ठीक आहे" हे मत एका बाजूला रेघेच्या जरा खाली पडलं आणि दुसऱ्या बाजूला जरा वर, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत झालं असणार.

विचारलं कोणाला?

उरलेल्या अर्ध्या दरीचं कारण: कोणाला विचारलं.

कोल्हापुरात एखाद्या मिसळीच्या दुकानाबाहेर रविवारी सकाळी जी रांग लागते, त्या रांगेतल्या लोकांना विचारा, "मिसळ आवडते का?" किती टक्के हो म्हणतील? सांगायला नकोच. ज्यांना आवडत नाही ते रांगेत उभेच नाहीत. उत्तर खोटं नाही, पण ते अख्ख्या कोल्हापूरचं उत्तर नाही, रांगेचं आहे.

प्रेक्षकांचा आकडा हा रांगेचा आकडा असतो. २०१९ मध्ये रॉटन टोमॅटोजनं तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांची मतं वेगळी मोजायला सुरुवात केली. सिनेमा न बघताच झुंडीनं वाईट मतं देणाऱ्यांना त्यामुळे आळा बसला, ते चांगलंच झालं. पण त्याचा दुसरा परिणाम असा, की त्या वेगळ्या आकड्यात मोजलेला प्रत्येक जण आधीच पैसे मोजून आत गेलेला आहे. मारिओ बघायची इच्छा होती म्हणूनच गेलाय.

अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची एक जुनी पद्धत आहे. त्यांची माणसं प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी थिएटरच्या दारात उभी राहतात, लोकांना छोटं कार्ड देतात आणि श्रेणी भरून घेतात. मारिओला तिथे 'ए' मिळाला. पहिल्या दिवशी कोण जातं? सगळ्यात आतुर माणूस. त्यामुळे घरच्यांनी मिळून बघायच्या ॲनिमेशनपटांना तिथे 'ए' च्या आसपासची श्रेणी मिळणं यात नवल नसतं. सिनेमास्कोअर सांगतो ते एवढंच: ज्यासाठी लोक आले होते, ते त्यांना मिळालं का?

समीक्षक मात्र रांग लावून येत नाही. तो सोमवारी रहस्यपट बघतो, मंगळवारी युद्धपट, बुधवारी मारिओ. त्याचं कामच ते. मारिओचं प्रेम नसलेला माणूस मारिओ बघायला बसण्याची शक्यता समीक्षकांत सगळ्यात जास्त.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो. एखाद्या ॲपला स्टोअरवर ४.६ तारे असतात, कारण वापरणाऱ्याचं काम होतं: बिल भरलं जातं, तिकीट निघतं. त्याच ॲपचा कोड रिव्ह्यूला उघडला की तपासणारा डोक्याला हात लावतो. सगळीकडे ठिगळं. मग खरं कोण? दोघंही. वापरणाऱ्याला विचारलेलं असतं "काम झालं का?" आणि तपासणाऱ्याला विचारलेलं असतं "हे बांधलंय कसं?"

प्रेक्षक कशासाठी आले होते?

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. मारिओ पहिल्यांदा दिसला १९८१ मध्ये, 'डाँकी काँग' या गेममध्ये. तेव्हा त्याला मारिओ हे नावही नव्हतं आणि तो प्लंबर नव्हे, सुतार होता. शिगेरू मियामोतो या डिझायनरनं त्याला घडवलं. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'नं तो जगभर पोचला. पुढे १९९३ मध्ये हॉलिवूडनं माणसांना घेऊन मारिओवर सिनेमा काढला, बॉब हॉस्किन्स मारिओच्या भूमिकेत. अंधारं शहर, डायनासोरपासून उत्क्रांत झालेली माणसं, गेमशी नातं नावापुरतं. सिनेमा सपशेल आपटला. हॉस्किन्स यांनी पुढे एका मुलाखतीत सांगून टाकलं, की आपल्या कारकिर्दीतलं सगळ्यात वाईट काम ते.

चाहते हा घाव तीस वर्षं बाळगून होते. त्यात सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झालं की मारिओला आवाज देणार क्रिस प्रॅट. गेममध्ये इतकी वर्षं तो आवाज चार्ल्स मार्टिने यांचा होता. चाहते उखडले. या पार्श्वभूमीवर त्यांची अपेक्षा काय असणार? "बाबांनो, आमच्या मारिओची वाट लावू नका." बस, एवढीच.

आणि सिनेमानं ती पुरेपूर पूर्ण केली. मियामोतो स्वतः निर्मात्यांपैकी एक होते. पडद्यावर सगळं जिथल्या तिथे होतं: कोजी कोंदो यांच्या जुन्या धून, प्रश्नचिन्हाचे ठोकळे, मांजराचा पोशाख, इंद्रधनुष्याच्या रस्त्यावरची गाड्यांची शर्यत. सुरुवातीला दोघे भाऊ कामावर धावत निघतात तेव्हा कॅमेरा बाजूनं सरकत जातो, हुबेहूब जुन्या गेमसारखा. मार्टिने यांनाही सिनेमात आवाज दिला, मारिओच्या वडिलांचा! जॅक ब्लॅकच्या बाउझरनं पियानोवर बसून पीचसाठी गायलेलं गाणं तर गोल्डन ग्लोबच्या नामांकनापर्यंत गेलं.

चाहता थिएटरमधून बाहेर आला तेव्हा त्याच्या प्रश्नाचं उत्तर "हो" होतं. ९५ टक्के.

समीक्षकांची तक्रार काय होती?

ती तक्रार नीट ऐकली तर खुसपट काढणं वाटत नाही. मुद्दे साधारण तीन.

पहिला, सिनेमाला श्वास घ्यायला वेळच नाही. एक जागा, लगेच दुसरी, लगेच तिसरी. मशरूमचं राज्य, माकडांचं राज्य, शर्यत, समुद्र, लग्नाचा मांडव, परत ब्रुकलिन. ९२ मिनिटांत एवढं सगळं.

दुसरा, गाणी. कोंदो यांचं इतकं ओळखीचं संगीत हाताशी असताना मधेच ऐंशीच्या दशकातली घासून गुळगुळीत झालेली इंग्रजी पॉप गाणी टाकली. मुलांसाठी नव्हे, मुलांना घेऊन आलेल्या आईबापांसाठी. हा मुद्दा कित्येक चाहत्यांनाही पटला.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. सिनेमात एक खरी गोष्ट सुरू होते आणि अर्धवट राहते. जेवणाच्या टेबलावर वडिलांनी मारलेला तो टोमणा आठवा. आपल्या पोरावर बापाचा विश्वास नाही, हे लहान मुलाला कुठल्याही राक्षसापेक्षा जास्त कळतं. पण पुढचा तासभर सिनेमा तिकडे फारसा वळत नाही आणि शेवटी, राक्षस हरल्यावर, दोन वाक्यांत बाप खूश. मधली वाट नाहीच.

मला स्वतःला सिनेमातली सगळ्यात चांगली जागा वाटते ती पीच मारिओला सरावाला उतरवते ती. अडथळ्यांचा मोठा मार्ग, मारिओ धावतो, पडतो, परत पहिल्यापासून. परत पडतो. परत. मारिओ खेळण्याचा सगळा अनुभव एवढाच तर आहे! मरायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. तो मार्ग त्याला पूर्ण जमतही नाही, आणि तरी पीच म्हणते, चल. हार न मानणं हा मारिओचा स्वभाव आहे, हे तिथे न सांगता कळतं. अशा आणखी तीन जागा असत्या तर बापाच्या टोमण्याला उत्तर आपोआप मिळालं असतं. पण लगेच पुढचं राज्य येतं, पुढची गंमत येते.

आपण कुठल्या रांगेत?

इथे आपल्याकडच्या प्रेक्षकाची एक वेगळीच जागा आहे. माझ्या वयाच्या किंवा थोड्या मोठ्या कित्येकांनी मारिओ खेळला तो अस्सल निन्टेंडोवर नव्हे. मे महिन्याच्या सुट्टीत, टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली गेमवर, '९९९९ इन १' लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटवर. कॅसेट चालेना की काढून फुंकर मारायची. आपला मारिओ म्हणजे कासव, मशरूम, झेंडा आणि किल्ला. बऱ्याच जणांचा तिथेच संपला. पुढची यंत्रं आपल्या बहुतेक घरांत आलीच नाहीत.

म्हणून सिनेमात पिंजऱ्यात लटकलेला तो निळा तारा गोड आवाजात मरणाबद्दल बोलतो, तेव्हा दोन गोष्टी होतात. ज्यानं २००७ चा 'सुपर मारिओ गॅलक्सी' खेळलाय तो ओळखीनं हसतो. ज्यानं खेळलेला नाही तोही हसतो, कारण तो विनोद ओळखीवर उभा नाही. पण शर्यतीतली अमुक गाडी किंवा भिंतीवरची तमुक पाटी दिसते, तेव्हा पहिला खूश होतो आणि दुसऱ्याला काही झालंय हेही कळत नाही.

पिवळ्या कॅसेटवाला माणूस त्यामुळे चांगला परीक्षक ठरू शकतो. त्याला निम्म्या खुणा कळतात, निम्म्या नाही. खूण कळली नाही तरी जो प्रसंग चालतो, तो सिनेमाचा स्वतःचा. बाकीचा उसना.

"मुलांसाठीच आहे ना!"

आता मूळ मुद्द्याकडे. या वादात सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य हेच. मुलांसाठीच आहे ना, मग एवढं काय?

हे वाक्य मला खटकतं. घरी पाहुणे येणार असले की आपण चांगली भांडी काढतो. मुलांना मात्र प्लॅस्टिकच्या ताटलीत चालतं. सिनेमाच्या बाबतीत हे वाक्य तसंच आहे. मुलांसाठी म्हणजे कमी चाललं तरी चालेल, हे आपण गृहीत धरतो आणि वर त्याला मुलांची बाजू घेणं म्हणतो.

मुलांना जास्त झेपत नाही, हे तर सरळ खोटं आहे. मारिओच्या काहीच महिने आधी, डिसेंबर २०२२ मध्ये, 'पुस इन बूट्स: द लास्ट विश' आला. तोही मालिकेतलाच सिनेमा, तोही लहान मुलांसाठी. त्यात मृत्यू लांडग्याच्या रूपात शीळ घालत येतो. शूर म्हणवणारं ते मांजर घाबरून जंगलात पळतं, त्याला धाप लागते, काही सुचेनासं होतं. तेव्हा एक साधा कुत्रा येतो आणि काही न बोलता त्याच्या पोटावर डोकं टेकवून पडून राहतो. सिनेमा तिथे थांबतो, अगदी शांत होतो. पोरं थिएटरमधून उठून गेली नाहीत. समीक्षक आणि प्रेक्षक दोघांनाही सिनेमा आवडला.

जून २०२३ मध्ये 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आला. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून बनवलेलं मुंबाटन शहर आहे, आणि भारतात तो मराठीसकट दहा भाषांत लागला होता. तिथेही आईबाप आणि मुलगा यांच्यातला अबोला आहे, पण त्याला सिनेमानं वेळ दिलाय. आणि 'जाहिरात' म्हणाल, तर २०१४ चा 'द लेगो मूव्ही' प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवरच होता, तरी त्यात बाप आणि मुलगा यांची अशी गोष्ट निघाली की समीक्षकांनी मनापासून दाद दिली. खेळण्यावर सिनेमा काढणं हा दोष नाही. खेळण्यावर थांबणं हा दोष.

दुसऱ्या बाजूलाही एक प्रश्न विचारायलाच हवा. ज्या समीक्षकानं "मुलांना आवडेल, पण मोठ्यांना काही नाही" असं लिहून कमी गुण दिले, त्याचं काय? सिनेमा कोणासाठी आहे? सहा वर्षांच्या मुलाला रंग, वेग, पडणं आणि उठणं यात खरा आनंद मिळत असेल, तर तो आनंद 'काही नाही' या खात्यात का टाकायचा? मोठ्यांना कळणारे छुपे विनोद असले की तो सिनेमा हुशार, नसले की बालिश, ही मोजपट्टीही मोठ्यांच्याच सोयीची.

म्हणून म्हटलं, मूल दोन्हीकडे हजर नाही. सहा वर्षांचं पोर समीक्षा लिहीत नाही. खातं उघडून तारे देत नाही. त्याच्या वतीनं तारे देतो बाबा. बाबाला आठवत असते त्याची स्वतःची कॅसेट, किंवा दीड तास शांत बसलेलं पोर बघून झालेली सुटका. दोन्ही भावना खऱ्या, पण त्या बाबाच्या.

यात आपलं काय जातं?

वाटेल की एका सिनेमावरून एवढं काय. पण आकडे फक्त वादात राहत नाहीत, ते बैठकांमध्ये जातात. १० कोटी लावून १३६ कोटी आले आणि वर 'ए' श्रेणी, तर स्टुडिओ काय शिकतो? की खुणा पेरल्या की पुरे. २०२१ मध्ये जपानमध्ये आणि २०२३ मध्ये हॉलिवूडमध्ये निन्टेंडोची थीम पार्क सुरू झाली आहेत, सिनेमा आणि ती एकमेकांना गिऱ्हाईक पुरवतात. पुढचा सिनेमा 'गॅलक्सी'च्या नावानं २०२५ मध्ये जाहीरही झाला. धंदा म्हणून यात वावगं काही नाही. पण "मुलांसाठीच आहे ना" असं आपण जितक्या वेळा म्हणतो, तितक्या वेळा आपण त्यांना सांगतो की टेबलावरची ती अर्धवट सोडलेली गोष्ट पूर्ण करायची गरज नाही.

तर पुढच्या वेळी असा आकडा दिसला की चार गोष्टी तपासा. हा गुण आहे की हो-नाहीची टक्केवारी? कोणाला विचारलंय, रांगेतल्याला की रांगेबाहेरच्याला? त्याला नेमकं काय विचारलंय, "हवं ते मिळालं का" की "बांधलंय कसं"? आणि चौथं, ज्याच्यासाठी बनवलाय त्याला विचारलं का?

चौथ्याचं उत्तर मिळवायला वेबसाइट लागत नाही. घरात भाचा, पुतणी, शेजारचं पोर असेल, तर सिनेमा संपल्यावर "आवडला का?" एवढंच विचारू नका. त्याला ते "हो" म्हणतंच, पॉपकॉर्न मिळालेला असतो. आठवड्यानं विचारा, "त्यात काय झालं सांग ना." जे त्याला सांगता येईल, ते त्याच्यापर्यंत पोचलं. काही मुलं फक्त गाडी आणि आग सांगतील. एखादं सांगेल, "त्याचे बाबा त्याला ओरडले होते." ते ऐकलंत की आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भागात तुमच्या घरातल्या समीक्षकांची मतं वाचून दाखवू.

भाग आवडला तर ग्रुपवर टाका, नाही आवडला तर का ते लिहा. नुसते तारे नकोत! भेटू पुढच्या आठवड्यात.